नर्सबाईंचा फोन कपाटात आहे

पौष पौर्णिमेनंतरचा रविवार. ठिकाण: शहापूर, नर्सबाईंच्या मुलाचं घर, दुसरा मजला. हजर: नर्सबाई, त्यांचा मुलगा राजेश, सूनबाई, मुरबाड-म्हसा रस्त्यावर जीप चालवणारे काशिनाथ, आमच्या आशाताईंपैकी एक मंदा, आणि मी. गैरहजर: नर्सबाईंचा फोन. तो त्याच घरात, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होता.

मला राग आलेला आहे. राग आला की मी तो क्रमाने मांडते, नाहीतर महत्त्वाचं राहून जातं. म्हणून आधी बाई कोण ते सांगते.

म्हसा गावाच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला एक आरोग्य उपकेंद्र आहे. बाईंची नोकरीची बहुतेक वर्षं तिथे गेली. मी मुरबाड तालुक्यात आशाताईंच्या कामाची जुळवाजुळव बघते, त्यामुळे आमची गाठ रोजची. "बऱ्या आहात ना?" असं त्यांनी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. भेटेल त्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "सध्या काय ऐकतेस गो?" बाळंतीण असो, ग्रामसेवक असो, तालुक्याहून तपासणीला आलेले डॉक्टर असोत. एक साहेब हातातलं रजिस्टर मिटून हळूच म्हणाले, "कव्वाली." बाई म्हणाल्या, "मग लावा की. तपासणी काय पळून चाललीय?" त्या दिवशी तपासणी जेवणानंतर झाली.

"आवडतं काय?" असं त्या विचारत नसत. मी एकदा तसं सुचवलं, कारण मला तो प्रश्न सोपा वाटला. त्या म्हणाल्या, "आवडतं ते माणूस पाठ करून ठेवतं, पाव्हण्यांसमोर सांगायला. सध्या काय ऐकतेस विचारलं की खरं निघतं." आणि निघायचंच. लग्न ठरलेली एक पोर दिवसभर एकच रडकं गाणं ऐकते हे कळल्यावर बाईंनी त्या घरी दुसरी चक्कर टाकली, मग तिसरी. पोरीचं वय भरलेलं नव्हतं आणि तिला ते लग्नही नको होतं. ते पुढे ढकललं गेलं. तालुक्यात त्याचं श्रेय कोणी घेतलं ते मला ठाऊक आहे. बाईंनी घेतलं नाही.

लसीकरणाच्या दिवशी प्रश्न पोरांना. पोरगं गाण्याची सुरुवात आठवायला लागे तोवर सुई टोचून झालेली असे. कामावर नव्या आलेल्या मुलींना आम्ही ही युक्ती म्हणून शिकवायला लागलो तेव्हा बाईंनी झापलं होतं. त्यांच्या लेखी ती युक्ती नव्हती, उत्तर त्यांना खरंच हवं असे. एका पोराने फणकाऱ्याने सांगितलं, "गाढव ऐकतो." बाई म्हणाल्या, "ऐकव मग." त्याने भर अंगणवाडीत ओरडून दाखवलं. मागच्या रांगेनेही मग तेच ऐकवलं, आणि काय झालं ते बघायला सरपंच धावत आले. पुढच्या खेपेला बाईंनी त्याला विचारलं, "गाढवच चालू आहे का अजून?" पोरगं लाजून म्हणालं, "नाय, आता बँड."

त्यांचा दुसरा हट्ट, गाणं पूर्ण ऐकायचं. काशिनाथला सवय होती, अर्धं गाणं झालं की पुढचं लावायचं. बाई पुढच्या सीटवर बसत.

"काशिनाथ, त्या बाईचं बोलणं अर्ध्यात तोडलंस."

"कुठल्या बाईचं?"

"गाणाऱ्या."

"बाय, ती काय आपलं ऐकतेय का?"

"म्हणूनच आपण तिचं ऐकायचं."

आजही काशिनाथ म्हसा नाक्यावर जीप उभी करतात आणि गाणं संपेपर्यंत टेप बंद करत नाहीत. उतारू कुरकुर करतात, पण बसून राहतात.

आता बाई स्वतः काय ऐकत, हे सांगते, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. एका पावसाळ्यात त्यांनी फक्त सनई-क्लॅरिनेटवाल्या बँडची गाणी ऐकली. मग उल्हासनगरच्या पोरांचं ते भराभर बोलल्यासारखं गाणं. ठाकरवाडीतल्या बायांची नाचाची गाणी त्यांनी स्वतः फोनवर भरून घेतली होती, मागे कोंबडा ओरडतोय. एकदा तमिळ गाणी घेऊन बसल्या. "कळतं का काही?" मी विचारलं. "नाय कळत म्हणून तर आवाजाकडे लक्ष जातं," त्या म्हणाल्या. देवाचंही ऐकत, पण त्याचा वार ठरलेला नव्हता. साठी ओलांडलेली बाई म्हणजे अभंग आणि भूपाळी, असं ठरवून टाकणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

हातात स्मार्टफोन आल्यावर बाईंनी त्यावर ग्रुप काढला. नाव तेच, "सध्या काय ऐकता". मला म्हणाल्या, "सुनंदे, तुला याद्या करायची हौस आहे. तू पाळ्या लाव." लावल्या. रोज एकाची पाळी, रोज एकच गाणं. फुलांची चित्रं आणि सुप्रभात बंद. पूर्ण ऐकल्याशिवाय अंगठा दाखवायचा नाही. आणि गाणं कुठे ऐकलं ते लिहायचं. मंदाने भाताच्या आवणीच्या दिवसांत लिहिलं होतं, "बांधावर ऐकलं, दुसऱ्या कडव्याला फोन चिखलात पडला, उरलेलं पुसून ऐकलं." कंपाउंडर, आशाताई, तेव्हा सुया टोचून घेतलेली आणि आता कंपनीत लागलेली पोरं, सगळे त्या ग्रुपात आहेत. एकमेकांना एरवी कधी फोन न करणारी ही माणसं रोज एकमेकांचं एक गाणं ऐकतात. ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

निवृत्तीनंतर बाई गावातच राहिल्या. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं आणि मुलाने त्यांना शहापूरला आणलं. मुलगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहिते, कारण रागात ते विसरायला होतं. ऑपरेशन त्याने चांगल्या ठिकाणी केलं. पहाटे आसनगाव स्टेशनला जाऊन गाडी पकडणारा माणूस, पण निघण्याआधी आईला धरून खोलीत चालवतो. याचे पूर्ण गुण.

मग तो फोन आला. बँकेतून बोलतोय म्हणणारा कोणी पोरगा होता. खातं बंद पडेल, नंबर सांगा, वगैरे. बाईंनी त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते राहू दे बाबा. सध्या काय ऐकतोस?" पोरगा गडबडला, पण त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, आमच्याकडची लग्नातली गाणी ऐकतो, घरापासून लांब आहे म्हणून. बाई म्हणाल्या, पाठव. त्याने लिंक पाठवली. बाईंनी ती दाबली. गाणं लागलं.

झालं ते एवढंच. नंबर बाईंनी सांगितला नव्हता, त्याने परत विचारलाही नाही. त्या दिवशी ग्रुपवर बाईंचीच पाळी होती. त्यांनी तेच गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "बँकेतल्या खोट्या पोराने दिलंय. गाणं खरं आहे." रात्री जेवताना मुलालाही कौतुकाने सांगितलं. ताटावरून उठायच्या आत फोन कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी मला राजेशचा निरोप आला, "आईला ग्रुपमधून काढा." मी काढलं नाही.

फोनच्या बदल्यात बाईंना एक खोका मिळाला. जुन्या रेडिओसारखा दिसतो, आत हजारो गाणी आधीच भरलेली असतात, ज्येष्ठांना भेट म्हणून सगळीकडे मिळतो. बटण दाबलं की अभंग, दुसरं दाबलं की आरत्या, तिसरं दाबलं की जुनी गोड गाणी. आम्ही गेलो तेव्हा तो टीपॉयवर होता आणि त्यावर बाईंचा टॉवेल वाळत घातलेला होता.

"छान आहे की," काशिनाथ म्हणाले. त्यांना वाईट बोलता येत नाही.

"आवाज चांगलाय," बाई म्हणाल्या. "पण याला विचारता येत नाय रे, सध्या काय ऐकतोस. हा सांगत राहणार, आमी ऐकत राहणार. मला कोण सांगणार, मंदीचं पोरगं आता काय ऐकतंय?"

मंदा म्हणाली, "ते नका विचारू बाई. आमी बाहेर झोपतो त्याच्यापायी."

बाई हसल्या आणि लगेच म्हणाल्या, "म्हणजे काय ऐकतंय? नीट सांग."

मी तिथे पाहुणी म्हणून गेले नव्हते. उपाय ठरवून गेले होते आणि चहा यायच्या आत मी ते राजेशपुढे मांडले. बँकेला जोडलेला नंबर त्याने स्वतःकडे ठेवावा, आईला वेगळा द्यावा. अनोळखी नंबर लागणारच नाहीत अशी सोय करावी. ती मी बसल्या बसल्या करून देते. आणि दर महिन्याला मी येऊन फोन तपासून जाईन.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे," राजेश म्हणाला. "पण आईला कोणाला नाही म्हणता येत नाही. उद्या दुसरा कोणी फोन करेल. मी ऑफिसात असतो, मला टेन्शन."

मंदाने नुकताच आलेला चहाचा कप खाली ठेवला. "दादा, बाईंनी किती जणांना नाय म्हटलंय ते आमाला विचार. पिऊन आलेल्या नवऱ्यांना बाळंतिणीच्या दारातून कोण हाकलत होतं? तुझा खोका?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

हे वाक्य मी हल्ली फार घरांत ऐकते आणि दर वेळी माझं डोकं तापतं. गोष्ट वेगळी काय झाली? पाय मोडला. कान शाबूत आहेत, अक्कल शाबूत आहे. शेकडो पोरं जिने जगात आणली तिच्या हातात काय द्यायचं हे आता खोक्याचं दुकान ठरवणार, आणि तिने टॉवेल वाळत घालायचा. मी हे सगळं बोलणार होते. शब्दही जुळवले होते.

बाई एवढा वेळ आमच्याकडे बघतच नव्हत्या. मुलाकडे बघत होत्या.

"राजा, तू सध्या काय ऐकतोस?"

"आई, आता तो विषय आहे का?"

"सांग ना."

"काही नाही."

"काहीच नाय?"

"वेळ कुठे आहे? गाडीत झोप लागते. घरी आलो की जेवण, झोप."

बाई पाठ सरळ करून बसल्या. ताप किती दिवस आहे हे विचारताना त्यांचा जो आवाज लागे, तोच लागला. "कधीपासून?"

"आठवत नाही गं."

"आधी काय ऐकत होतास?"

स्वयंपाकघराच्या दारातून सूनबाई म्हणाल्या, "लग्न ठरलं तेव्हा मला फोनवर बासरी ऐकवायचे. बोलायचं काही नाही, नुसती बासरी. मला वाटायचं फोनच बिघडलाय."

काशिनाथ हसले आणि कोणी हसत नाही हे बघून थांबले. राजेशची नजर खाली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सुनंदे," बाई मला म्हणाल्या, "याला ग्रुपात घे. पाळी लाव."

"बाई, आधी तुमच्या फोनचं बोलू या. त्यासाठी आलोय आम्ही."

"तो नंतर. आधी पेशंट."

मग त्यांनी एक नवा नियम सांगितला, फक्त राजेशसाठी. गाणं पाठवायच्या आधी त्याने त्यांच्या शेजारी बसून ते पूर्ण वाजवायचं. राजेश "बघतो" म्हणाला. घरात "बघतो" म्हणजे काय असतं ते मला सांगायला नको.

जिना उतरताना मी चिडलेली होते, बाईंवरसुद्धा. एवढ्या लांबून येऊन फोनचं काम तसंच राहिलं आणि ही बाई मुलाचं निदान करत बसली. जीपमध्ये बसल्यावर काशिनाथ म्हणाले, "नर्सबाय परत ड्यूटीवर लागली, ताई." मंदा खिडकीबाहेर बघत होती. मुरबाड येईपर्यंत आम्ही कोणीच काही लावलं नाही.

त्याच संध्याकाळी मी राजेशला ग्रुपात घेतलं. त्याला गुरुवार दिला, कारण शुक्रवारी माणूस सुट्टीचा विचार करतो. बुधवारी आठवण पाठवली, ती त्याने वाचली. गुरुवारी दिवसभर ग्रुपवर कोणी काही टाकलं नाही, पाळी त्याची होती म्हणून. रात्री सूनबाईंचा मला एकटीला निरोप आला, "आईंच्या शेजारी बसलेत. बासरी शोधतायत. सापडत नाहीये."

शुक्रवार मंदाचा होता, तिने टाकलं. राजेशचं अजून आलेलं नाही. पुढच्या गुरुवारीही मी त्याचंच नाव ठेवलंय.