सुपारीएवढे स्पीकर

जुन्या स्पीकरांच्या डोक्यावर मी सुपर ट्वीटर बसवले. अगदी बारीक, वरचे आवाज काढणारे हे सुपारीएवढे स्पीकर. स्वतः सोल्डरचा डाख देऊन वायरी जोडल्या, गाण्याची तबकडी लावली. साठी उलटलेल्या माझ्या कानांना काडीचा फरक कळेना. वैतागून ते उपटायलाच निघालो होतो, तेवढ्यात बायको मटार सोलता सोलता स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचा जन्म गाणं शिकवण्यात गेलाय. माझ्या उद्योगाचा तिला पत्ताही नव्हता.

"अहो, तानपुऱ्याची जवारी, तारांचा तो बारीक झंकार, आज किती स्वच्छ ऐकू येतेय!" असं म्हणून ती डोळे मिटून तिथेच बसली, शेंग हातात तशीच.

आपण घडवलेलं सगळं आपल्याच वाट्याला यायला हवं, असं कुठे आहे? मी ताठ मानेने तिच्या शेजारी बसलो. मला ऐकू न येणारा तो आवाज माझ्या हातचा होता.