शोफेरदादा विसरले नाहीत

"मो पा ब्लिये," शोफेरदादा म्हणायचे आणि बोटाने स्टिअरिंगवर एकदा टक् वाजवायचे. आमच्या बेटावरच्या क्रेओल बोलीत त्याचा अर्थ, मी विसरत नाही. त्रियोलेच्या बसने रोज जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. वाकडं बोललेल्या माणसाची छत्री बसमध्ये राहिली, तर ती महिनाभर त्यांच्या सीटमागेच पडून असायची.

डूख धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा डूख स्वतःपुरता असतो. दादांचा धाकट्या बहिणीसाठी होता.

बहीण सावित्री घरी शिवणकाम करायची. गुडलँड्सच्या कपड्यांच्या कारखान्यात जाणारी रुक्मीण तिच्याबरोबर राहायची. दोघींना एकत्र राहून बरीच वर्षं झाली होती. दादांची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा तिचं सगळं रुक्मीणनेच केलं. आई गेल्यावर दोघींनी घरच्या गणपतीसमोर एकमेकींना हार घातले. अंतरपाटाचं एक टोक दादांनी धरलं होतं, दुसरं मी. मी त्यांचा शेजारी, शनिवारी आमच्या मराठी मंडळीच्या, म्हणजे मंडळाच्या, हॉलमध्ये मुलांना शिकवायचो. दादा मंगलाष्टकं चुकले, रुक्मीण हसली, आणि मग आम्ही सगळेच रडलो.

बातमी मंडळीत पोचली. अध्यक्षांनी ठराव आणला: लग्न म्हणजे पुरुष आणि बाई यांचंच, दुसरं कुठलंही लग्न मंडळी मानणार नाही, आणि ते मानणाऱ्या घरचं पाणीही कुणी घेणार नाही.

"चिठ्ठ्या टाकू," अध्यक्ष म्हणाले. "कुणाला संकोच नको."

"चिठ्ठ्या नकोत," दादा मागून उठले. "हात वर करा. मला बघायचंय."

मग ते एवढंच बोलले, "माझ्या आईला रात्रंदिवस कोणी उचललं? तुमच्यापैकी कोणी? त्या पोरीने. तिचं लग्न झालं म्हणून तुमचं मोडलं का?"

ठरावाच्या बाजूने हात भराभर वर गेले. विरोधात आम्ही मोजकेच. दादांनी एकेका रांगेवरून नजर फिरवली, आरशातून मागचे प्रवासी बघावेत तशी.

दुसऱ्या दिवसापासून सूड सुरू झाला. त्यांनी कुणाला बसमध्ये घेतलं नाही असं कधीच घडलं नाही. फक्त हात वर केलेला माणूस थांब्यावर दिसला, की बस थोडी पुढे जाऊन बरोबर चिखलात थांबायची. "ब्रेक जरा सैल आहे, मावशी," दादा गंभीरपणे म्हणायचे. दुसऱ्या कुणासाठी तो ब्रेक सैल नसायचा. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला सांगू.

पुढच्या डिसेंबरात, आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, अध्यक्षांच्या मुलाचं लग्न निघालं. वऱ्हाड गुडलँड्सला जायचं होतं, आणि बसमालकाने दादांनाच पाठवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. वऱ्हाडात मीही होतो, मला नवल वाटलं. भर दुपारी, दोन्ही बाजूंनी ऊस उभा असलेल्या रस्त्यावर, नेमकी सावित्रीच्या दारासमोर बस बंद पडली.

"काय झालं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ऑं पान," दादा म्हणाले. बस बिघडली. बॉनेट उघडून ते आंब्याखाली जाऊन उभे राहिले.

पत्रा तापला. पोरं रडायला लागली. नवरदेवाच्या फेट्याखालून घाम ओघळत होता. तेवढ्यात सावित्री आणि रुक्मीण कळशी आणि पेले घेऊन बाहेर आल्या. दादांनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रुक्मीणने हे होऊच दिलं नसतं. पेल्याला कुणी हात लावेना. शेवटी अध्यक्षांची म्हातारी आई पुढे झाली.

"आये, ठराव झालाय," अध्यक्ष हळूच म्हणाले.

"मग मी काय ठराव पिऊ?" म्हातारीने पेला घेतला.

मग सगळेच प्यायले. अध्यक्ष शेवटपर्यंत थांबले. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी नजर हटवली नाही. अध्यक्षांनी रुक्मीणच्या हातून पेला घेतला आणि घटाघट संपवला.

"आता सुरू होईल," दादा म्हणाले. पहिल्या फटक्यात इंजिन सुरू झालं.

संध्याकाळी मी विचारलं, "झालं समाधान?"

"नाही. पाणी प्यायले. अजून रुक्मीणला सावित्रीच्या घरची म्हणाले नाहीत."

पुढच्या सभेत ठराव मागे घेतला गेला. दादा आलेच नव्हते. मी सांगायला गेलो, तर म्हणाले, "ज्यांनी आणला त्यांनीच मागे घेतला. मी काय आभार मानू?"

काही वर्षांनी दादा गेले. मंडळीने त्यांचा फोटो हॉलमध्ये लावायचं ठरवलं. तो मागायला अध्यक्ष स्वतः हार घेऊन निघाले, सोबत मला नेलं. सावित्रीने आम्हाला खुर्च्या दिल्या.

"फोटो मिळणार नाही," ती शांतपणे म्हणाली. "हार घालायचा असेल तर इथेच घाला. पण या घरात आम्ही दोघी आहोत. तिलाही विचारा."

रुक्मीण आतल्या खोलीत मशीनवर शिवत होती. अध्यक्ष उठले, दारापाशी गेले आणि हार धरून उभे राहिले. तिने त्यांना पाहिलं. तिच्या हातात लांब पडदा होता, तो संपेपर्यंत त्यांना थांबावं लागणार होतं, आणि मशीन चालूच राहिलं.