रत्नम्माची भिंत

मोडताना कट्टकन आवाज आला नाही तर भाकरी परत करा, असं चंद्रव्वा गिऱ्हाइकाला स्वतःच सांगते. आजवर एकानंही परत केलेली नाही. भाकरी कडक असते हे खरं, पण चंद्रव्वाच्या तोंडाला लागायची हिंमतही सोलापुरात फार थोड्यांना आहे. चौकात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा गाडा लावण्यात तिची हयात गेली, त्यावरच तिनं दोन पोरी उजवल्या. गुडघे सोडले तर तिची कशाबद्दल तक्रार नाही.

गेल्या साली बंद गिरणीच्या भिंतीवर चित्रं काढायचं ठरलं. एकोणीसशे तीस साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉमध्ये सापडलेली साधी माणसं. नावाजलेल्यांचे पुतळे झाले, चौकांना त्यांची नावंही मिळाली. आता बाकीच्यांची पाळी. चित्रकार ऋतुजा गाड्यावर भाकरी खायला आली आणि बोलता बोलता तिला चंद्रव्वाची अज्जी सापडली.

ही रत्नम्मा गिरणी कामगारांना भाकऱ्या पोचवायची. तेव्हा डोक्यावर पांढरी गांधी टोपी दिसली की शिपाई बडवायचे. रत्नम्मा त्या टोप्या भाकरीच्या बुट्टीत फडक्याखाली दडवून न्यायची. एकदा सापडली. कमरेत काठी बसली आणि बाई मरेपर्यंत वाकडी चालली.

"आजींचा फोटो आहे का?" ऋतुजानं विचारलं.

"फोटो कुटला? पन मी तिच्यावरच गेलीय म्हनत्यात सगळी. माझंच तोंड काढ की."

चंद्रव्वा हरखून गेली होती. पण चित्राची जागा कळली आणि तिचा चेहराच उतरला. रिक्षा थांब्याजवळचा तो कोपरा माव्याच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेला, आणि आडोसा म्हणून बाप्ये तिथं उभे राहायचे ते वेगळंच.

"नको पोरी, ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जिती असताना काठी खाल्ली तिनं. आता मेल्यावर लोकांची थुंकी खायला लावू?"

धोंडीराम रिक्षावाल्यानं उपाय सुचवला. त्या लाल रंगात त्याचा वाटा मोठा होता. "शेजारी देवाची फरशी बसवा की मावशी. कोन थुंकतंय मग?"

"देवाच्या आडोशाला बसाय ती काय चोर हाय व्हय?"

त्या दिवशी चंद्रव्वाला जेवण गेलं नाही. सकाळी मात्र तिनं आयुष्यभराची चौकातली जागा सोडली आणि गाडा ढकलत त्या कोपऱ्यात आणला. फिनेल ओतून, खराट्यानं घासून जागा चकचकीत केली. लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला.

"जिथं मानूस भाकरी खातंय तिथं कोन थुंकत न्हाय," तिनं ऋतुजाला सांगितलं. "काढ आता."

चित्र झालं. रत्नम्माच्या डोक्यावर बुट्टी, फडक्यातून टोपीचं एक टोक डोकावतंय, आणि नाक-डोळे थेट चंद्रव्वाचे. गिऱ्हाइकंही हळूहळू चौकातून इकडं वळली.

एका दुपारी धोंडीराम तोंडात मावा भरून आला आणि सवयीनं भिंतीकडे वळला. वर रत्नम्मा बघत होती. त्यानं नजर खाली वळवली, तर चंद्रव्वा बघत होती. तेच डोळे. तोंड भरलेलं, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. तो रस्ता ओलांडून गटारीपाशी गेला, चूळ भरून परत आला.

"मावशी, वरून ती बघतीय, खालून तुमी. मानसानं जावं कुटं?"

"कुटं जाऊ नगंस. बस हितं."

त्यानं भाकरी मोडली. कट्टकन आवाज आला. चंद्रव्वानं मान वर केली.

"अज्जी, तुज्यापाशी बसून जेवतोय बग," ती म्हणाली, आणि धोंडीरामाला शेंगाचटणी जरा जास्तच वाढली.