पुठ्ठ्याचं शेवटचं पान

पुठ्ठ्याला माणसाचे हात काढता येत नसत. चेहरे असे काढायचा की सुपरवायझरनं स्वतःला ओळखून कपाळ बडवावं. पण हात म्हटले की गाडं अडलंच. म्हणून त्याच्या चित्रकथेतली झाडून सगळी माणसं हात मागे बांधून नाहीतर खिशात घालून उभी असत. माल चढवणारे हमालसुद्धा! मी चिडवलं की म्हणायचा, "ब्रेकवर हायेत ते."

वडपे गावच्या एका गोदामात आम्ही दोघं सीझनपुरते लागलो होतो. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ऑनलाइन मालाची नुसती झुंबड असते, तेवढीच कच्ची भरती. तो पडघ्याकडच्या खेड्यातला, घरी भातशेती. मी कामतघरच्या चाळीतली, बारावी होऊन घरी बसलेली. तो चपटे पुठ्ठे उघडून खोके उभे करायचा, मी त्यांत माल भरून टेप मारायची. चेपलेला, टाकाऊ पुठ्ठा दिसला की हा तो बाजूला ठेवणार आणि चहाच्या सुट्टीत मार्कर काढून बसणार. खरं नाव फक्त हजेरीत. बाकी सगळ्यांचा तो पुठ्ठ्या. सुपरवायझर ओरडायचा, "अरे पुठ्ठ्या, पिक्चर बाद में बना, पहले बॉक्स बना!"

बोलण्यात मात्र महाकंजूष. चित्रातल्या माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे काढायचा आणि कोरे ठेवून पुठ्ठा माझ्याकडे सरकवायचा. "मी काढतो. बोलायचा काम तुजा." गोष्ट होती गोदामातल्याच एका मुलाची आणि मुलीची. ऑक्टोबरच्या उन्हात एका बाटलीतलं पाणी पिणारी, डबा वाटून खाणारी, ड्युटी सुटली की बसपर्यंत सोबत चालणारी दोघं. नुसती दोस्ती. मुलगी अखंड बोलायची, कारण तिचं बोलणं मी लिहायची. ती मुलगी कोण, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि फार आवडतही होतं.

काम संपायला दोन दिवस उरले असताना त्यानं शेवटचं पान काढलं. यावेळी कोऱ्या करकरीत खोक्याच्या आतल्या बाजूला. "ह्या पानाला चेपलेला पुठ्ठा न्हाय चालनार." चित्रात कापणीला आलेलं भात होतं, बांधावर मुलगा होता आणि पहिल्यांदाच त्याला हात होता. पाची बोटं मोजून काढलेली, जरा भेंडीसारखी, पण मुलीपुढे केलेली. मुलाच्या फुग्यात त्यानं स्वतःच लिहिलं होतं, 'आमच्या घरी येशील? कायमची?' मुलीचा फुगा कोरा. माझे कान तापले. "दुपारी लिहिते," म्हणत मी खोका टेबलाखाली सरकवला. काय लिहायचं ते तेव्हाच ठरलं होतं, फक्त थोडा भाव खायचा होता.

दुपारी लाइन अशी धावली की मान वर करायला सवड नाही. पॅकिंगला हात लागतात, डोळे लागत नाहीत. खोका कमी पडला म्हणून हात टेबलाखाली गेला. कुकर आत, टेप, लेबल, चल पुढे. चार वाजता वाकून बघते तर खाली नुसती धूळ. आणि समोर पुठ्ठ्या. "लिवलास काय?"

"पाठवून दिला रे," म्हणाले आणि मला हसू फुटलं. घाबरले की मला हसू येतं, ही माझी जन्मखोड. तो "बरा झाला," म्हणाला आणि पुढचा पुठ्ठा उघडायला लागला.

मला वाटलं, तो पुन्हा काढेल. मुलीनं आपण होऊन कसं बोलायचं, हे आमचं शहाणपण! दोन दिवस वाट बघितली. काम संपलं, तो गावी भात कापायला गेला. घरी बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला: खोका हसत पाठवून दिला, हेच त्याला माझं उत्तर वाटलं होतं. त्याचा नंबर होता. तीनदा काढला, तीनदा फोन खाली ठेवला. पुढच्या सीझनला तो आलाच नाही.

गेल्या वर्षी पडघ्याच्या बाजारात अचानक दिसला. आता दुकानांचे बोर्ड रंगवतो, तेव्हाही एक रंगवत होता. शेजारी बायको, पाच-सहा वर्षांची लेक. बायकोला म्हणाला, "ही माजी लेखिका. गोष्टीतला सगळा बोलना हिचा." ती हसून म्हणाली, "मग ताई, शेवटी ती पोरगी काय बोलली? हे कधी सांगतच न्हाईत."

"ते पान कुकरबरोबर गेलं हो, वहिनी," मी म्हणाले. "घाईत माझ्याच हातून. चुकून."

पुठ्ठ्याचा ब्रश थांबला. "चुकून?"

मी मान डोलावली. हसू आलं नाही.

त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला, हात पुसले आणि लेकीला हाक मारली, "जा गो, आत्याला चा सांग."

आत्या! लागलं जरा, खोटं कशाला बोलू? पण 'वहिनी' मीच आधी म्हटलं होतं. चहा आला. पोरीला जवळ घेऊन मी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.