चारशे पावलांवरचा फाटा

डेपोत त्यांना सगळे पेला म्हणायचे, आणि धाकटे ड्रायव्हर पेलाकाका. नवीन नोकरीला लागले तेव्हा कुणीतरी पैज लावली होती, की काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला इंजिनाच्या झाकणावर ठेवून गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेऊन दाखव. त्यांनी नेली. दोन थेंब सांडले, तेही कुत्रं आडवं आलं म्हणून. तेव्हा चिकटलेलं नाव पुढे सुटलंच नाही. एकतीस वर्षं बस चालवली, पण उभ्या माणसावर दांडी घट्ट धरायची वेळ त्यांनी कधी आणली नाही. म्हाताऱ्या बायका थांब्यावर आधी ड्रायव्हरचं तोंड बघायच्या, आणि हे नसले तर पुढची गाडी घेऊ म्हणून बसून राहायच्या. ह्या गोष्टीचा त्यांना गर्व होता. गर्वाचं घर खाली, असं घरी त्यांची बायको, काकू, म्हणायच्या. पण हसत म्हणायच्या.

आधी डावा आरसा गेला. म्हणजे आरसा जागच्या जागी होता, त्यात येणारी माणसं दिसेनाशी झाली. सायकलवाला एकदम दारापाशी उगवायचा, जमिनीतून वर आल्यासारखा. पंधरा दिवस काकांनी मान जास्त वळवून भागवलं. सोळाव्या दिवशी ते आपण होऊन साहेबांकडे गेले आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"कुणाला लागलं का?" साहेबांनी घाबरून विचारलं.

"लागायच्या आत आलोय," काका म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नसते, काका. उरलेली औषधानं लांबवू. वर्ष, सव्वा वर्ष धरून चाला."

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काकू एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात, चादरी इस्त्रीच्या रुळातून काढायच्या कामावर. सकाळी आठला जायच्या, संध्याकाळी पाचला यायच्या. पहिल्या महिन्यात काकांनी घरातलं बिघडलेलं सगळं दुरुस्त केलं. दुसऱ्या महिन्यात चांगलं चालणारंही उघडून बघितलं. तिसऱ्या महिन्यात ते खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागले.

"मला अंधाराची भीती नाही गं," एकदा ते काकूंना म्हणाले. "ह्या खुर्चीची आहे. सकाळी दार ओढून, कुणाचा हात न मागता, एकट्याला बाहेर पडता आलं पाहिजे. एवढं जमलं की बाकीचं देवानं काय ते करावं."

"मग त्या पट्ट्यावर जाऊ या का?" काकू म्हणाल्या.

पट्टा म्हणजे जुन्या मालगाडीचे रूळ उखडून पालिकेनं केलेली वाट. अर्धी करडी, चालणाऱ्यांसाठी. अर्धी तांबडी, सायकलवाल्यांसाठी. मधे पांढरी रेघ. वीस वर्षं काकांनी वरच्या पुलावरून बस नेताना ती रिबिनीसारखी खालून जाताना बघितली होती. घराच्या मागच्या गल्लीतूनच ती सुरू होते, आणि त्यांनी तिच्यावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. चाकावरच्या माणसाला चालायची वाट कुठली ठाऊक असणार.

पहिल्या रविवारी दोघं डोळे उघडे ठेवून गेले. सुरुवातीला गाड्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब. मग डावीकडे शाळेची लांबच लांब भिंत. पुढे एक नळ, कधीच नीट बंद न होणारा. मग लाकडाची वखार, तिचा वास नजरेआधी येतो. मग पुलाखालचा बोगदा, जिथे आपलीच पावलं मागून कुणी येतंय तशी वाजतात. बोगद्यानंतर नुसतं गवत आणि मोकळं रान, हाताला लागेल असं काही नाही, आणि मग फाटा. फाट्यावर नकाशाची पाटी लावलेला एक लोखंडी खांब. सरळ गेलं तर वाट थोड्या अंतरावर मोठ्या रस्त्याला मिळते. उजवीकडे वळलं तर लाकडी पूल, आणि पलीकडे तळं. तळ्याकाठी बाक. त्या बाकावर काका बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

"हा शेवटचा थांबा," ते म्हणाले. "माझी नवी गाडी इथपर्यंत."

त्या दिवसापासून शिकणं सुरू झालं. संध्याकाळी काकू कामावरून आल्या की दोघं निघायची. काका डोळे मिटून घ्यायचे, उजवा हात काकूंच्या खांद्यावर ठेवायचे आणि मोठ्यानं मोजायचे. काकू त्यांच्या छातीला लागतील एवढ्याच उंचीच्या, त्यामुळे खांदा हाताला बरोबर यायचा. प्रत्येक थांब्याला मोजणी पुन्हा एकपासून. खांबापासून भिंत एकशे दहा. भिंत संपल्यापासून नळ दोनशे साठ. नळापासून वखार एकशे नव्वद. बोगद्याच्या तोंडापासून फाटा चारशे.

"चला, पुढे सरका, दारात उभे राहू नका," नळापाशी काका ओरडायचे.

"अहो, तुम्ही ड्रायव्हर का कंडक्टर? एक काय ते ठरवा."

"माणसं कमी आहेत गं खात्यात. दोन्ही कामं मलाच."

सायकलवाली पोरं बघत जायची. एक बाई रोज निळ्या सायकलवरून जाताना घंटी वाजवून "आज कितवा थांबा?" विचारायची, आणि काका थांब्याचं नाव सांगायचे. त्या दिवसांत काकूंना कधी कधी वाटे, आपण हे सगळं फार हसत करतोय. देवाला ह्याचा राग नको यायला.

नजर आकसत गेली. आधी खिडकीएवढी, मग बशीएवढी, मग नाण्याएवढी. त्या नाण्यातून काका पाटीचा खांब शोधायचे आणि चारशे म्हटल्याबरोबर तो समोर असला की समाधानानं मान हलवायचे. चौदाव्या महिन्यात नाणंही गेलं. उजेड आहे की नाही एवढंच कळायला लागलं. इस्पितळातून पांढरी काठी मिळाली. काठीनं चालायला शिकवणाऱ्या बाईंचा नंबर सात महिन्यांनी लागणार होता.

"सात महिने खुर्चीत काढले तर मी तिथंच रुजेन," काका म्हणाले. "मंगळवारी एकटा जातो."

"पहिल्या दिवशी मी रजा घेते. मागून येते, बोलणार नाही काही."

"मागून कुणी असलं तर ते एकट्यानं जाणं कसलं?"

काकूंनी वाद घातला नाही. मंगळवारी सकाळी देवापुढे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ उभ्या राहिल्या, आणि कामावर गेल्या.

दहा वाजता काका निघाले. जिना उतरले, गल्ली ओलांडली, लोखंडी खांबाला हात लावला. खांब गार होता. मान ताठ करून, भित्र्यासारखं न चालता, त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. भिंत ब्याण्णवालाच काठीला लागली. बरं, भिंत लांब आहे, अलीकडे लागली असेल. भिंत सुटली तशी पुन्हा एकपासून मोजायला लागले. पण नळाची टपटप दोनशे पंधराला ऐकू आली, आणि वखारीचा वास दीडशेच्या आधीच नाकात शिरला.

काका उभे राहिले आणि स्वतःशीच हसले. गाडी वेळेआधी धावत होती.

आता हे ड्रायव्हरलाच कळेल. उशिरा आलेल्या गाडीला लोक शिव्या देतात, पण वेळेआधी निघून गेलेली गाडी म्हणजे पापच. माणूस धावत येतो आणि थांबा रिकामा. गाडी वेळेआधी धावायला लागली की उपाय एकच, वेग कमी करायचा. एकतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. तेच त्यांनी आताही केलं. चाल हळू केली. बोगद्यातून सावकाश, एक पाऊल टाकून क्षणभर थांबत, मग दुसरं. आता मोजणी जुळणार, असं त्यांना वाटलं. पण पाऊल हळू पडलं तरी लांबीला तेवढंच पडत होतं.

फाट्यावरचा खांब वाटेच्या मधोमध नाही, उजव्या कडेला आहे. तो काठीला न लागता मागे राहिला. काका मोजत होते. तीनशे साठ. तीनशे ऐंशी. तीनशे शहाण्णवला काठी लोखंडावर टण्णकन वाजली. आला फाटा. चार पावलांचा फरक, म्हणजे काहीच नाही. वेग कमी केल्याचा उपयोग झाला. ते खांबाला वळसा घालून पुढे झाले, आता पायाखाली लाकूड येईल म्हणून. तो खांब पाटीचा नव्हता. जिथे पट्टा मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे रोवलेल्या खांबांपैकी तो एक होता.

पायाखाली डांबर आलं. आणि उजव्या कानाशी ब्रेक लागला.

तो आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. पाठोपाठ आतून दुसरा आवाज आला. एकतीस वर्षांत त्यांनी आपल्या पाठीमागे तो कधी येऊ दिला नव्हता. उभी माणसं एकावर एक गेल्याचा. कुणाचा तरी डबा पडून घरंगळत गेल्याचा. मग एक बाई कण्हायला लागली.

"मरायचंय का रे तुला?" ड्रायव्हर उडी टाकून खाली उतरला. तरुण आवाज. मग त्याला काठी दिसली असावी. "काका, अहो... कुठं जायचंय तुम्हाला?"

शिवी परवडली असती.

"कुणाला लागलं?" काकांनी विचारलं.

"एक मावशी पडल्यात. कपाळाला लागलंय. रक्त आहे थोडं. तुम्ही बसा इथं कडेला."

"दांडी धरली नव्हती त्यांनी?"

"धरली होती हो. पण एवढा दाबला ब्रेक, कोण टिकणार? तुम्ही एकदमच आलात."

"नाही, तुझी चूक नाही," काका म्हणाले. "मीही तेवढाच दाबला असता."

पोराला त्याचा अर्थ कळला नाही, आणि काकांनी आपण कोण ते सांगितलं नाही. मावशींना दुसऱ्या गाडीतून इस्पितळात नेलं. काका रस्त्याच्या कडेला बसून राहिले. निळ्या सायकलवाल्या बाईनं त्यांना ओळखलं, सायकल हातात धरून चालत चालत घरी आणून सोडलं. वाटेत तिनं थांब्याचं नाव विचारलं नाही.

काकूंना संध्याकाळी सगळं कळलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मोजणीत कुठं चुकलं ते रविवारी बघू या."

रविवारी काकांनी खांद्यावर हात ठेवला. एकशे दहाला भिंत. दोनशे साठला नळ. एकशे नव्वदला वखार. बोगद्याच्या तोंडापासून ते मनातल्या मनात मोजत गेले, आणि चारशे झाले तशा काकू थांबल्या. "हा बघा खांब," असं म्हणून त्यांचा हात धरून पाटीवर ठेवला.

काका बराच वेळ ती पाटी चाचपत उभे होते.

"अगं, ही पावलं माझी नव्हतीच कधी," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या खांद्याला धरून तुझीच मोजली मी. इतके महिने."

काकूंनी खाली आपल्या चपलांकडे पाहिलं. लहान, टाचेला झिजलेल्या.

"मग आता तुमची मोजू. मी बाजूनं चालते, हात लावत नाही."

"आणि तीही चुकली तर? तेव्हा नाण्याएवढं का होईना, दिसत होतं. ताडून बघता येत होतं. आता कशाशी ताडू?" मग हलक्या आवाजात, "त्या बाईनं दांडी धरलेली होती गं."

काकूंना साहेबांच्या टेबलावर ठेवलेली किल्ली आठवली. हा माणूस एकदा किल्ली ठेवतो तेव्हा परत उचलत नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी महिनाभर त्यांनी रोज विषय काढून पाहिला. नोकरी सोडते म्हणाल्या. "दोघांनी खुर्च्या टाकून बसायचं का?" काका म्हणाले, आणि तोही विषय संपला. काठीच्या बाईंचा नंबर लागला तेव्हा काकांनी निरोप पाठवला, दुसऱ्या कुणाला द्या.

आता सकाळी आठ ते पाच काका खुर्चीत असतात. खुर्ची खिडकीशीच आहे, सवयीनं. खालून गाडी गेली की ड्रायव्हर कोण असेल ते ब्रेकवरून ओळखायचा प्रयत्न करतात. काठी दाराच्या मागे आहे. काकू झाडताना ती उचलतात, पुसतात आणि परत तिथंच ठेवतात.

रविवारी दोघं पट्ट्यावर जातात. थांब्यांची नावं कुणी घेत नाही. मोजणं सोडलं असं काकांनी सांगितलंय, आणि काकूंनी ते खरं धरलंय. चालताना काकू हळू आवाजात देवाचं नाव घेत असतात, त्यामुळे मागचं पुटपुटणं त्यांना ऐकूही येत नाही.

कारण मोजायची सवय अशी सुटत नाही. मागच्या पावसाळ्यानंतर बोगद्यापासून पाटीपर्यंत चारशे बारा झाले. मग चारशे तीस. परवा चारशे सत्तेचाळीस. काकांच्या तळहाताखाली तो खांदाही पूर्वीपेक्षा खाली आलाय, आणि डाव्या पावलाला किंचित झुकतो. गुडघ्याचं काकू काही बोलल्या नाहीत. काकांनीही विचारलं नाही. हात तेवढा हलका करून, भार पडणार नाही असा नुसता टेकवून, ते मागून चालत राहिले.