शिंपीचाचांच्या गोळ्या

शहाद्याच्या दवाखान्यात मानसिक आजाराच्या रुग्णांना गोळ्या समजावून सांगायचं माझं काम. कागदावर सकाळच्या गोळीपुढे सूर्य आणि रात्रीच्या गोळीपुढे चंद्र काढायचा, आजार कसा उलटतो ते सांगायचं. हे आपल्याला छान जमतं, असं मला वाटायचं.

लग्नाच्या शेरवान्या शिवणारे एक चाचा यायचे. आजार चढला की चार-चार दिवस झोपत नसत, गिऱ्हाइकांचं कापड रस्त्यात वाटून टाकत. गोळ्यांनी ते बरे झाले होते. दर वेळी मी बजावायचे, "बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. समजलं ना?"

"समजनं, ताई."

मग एका सकाळी चाची त्यांना ओढतच घेऊन आल्या. डोळे लाल, तोंड थांबत नव्हतं. चाचींच्या पिशवीत बिस्किटांचा डबा होता, आत दोन महिन्यांच्या गोळ्या. मी चिडले. "एवढं सांगूनही?"

त्यांना दाखल करून घेतलं. दोन आठवड्यांनी ते शांत झाले, तेव्हा मी कागद न घेता त्यांच्या खाटेजवळ बसले. गोळ्या का सोडल्या, विचारलं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. तेव्हाही बोटं बारीक थरथरत होती.

"गोळी लिधी का हाई आसं व्हस. सुईमा दोरा जास नही. मी शिंपी शे, ताई."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही इचारं नही. तुम्ही सांगी ऱ्हायनात, मी आयकी ऱ्हायनू."

हात थरथरू शकतात, हे माझ्या कागदावर शेवटच्या ओळीत होतं. मी ते दर वेळी एका दमात वाचून टाकायचे. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी थोडी कमी केली. थरथर कमी झाली, गेली नाही. आता कापणं आणि मशीन चाचांकडे, काज-बटणं चाचींकडे. मीही आधी विचारते, या महिन्यात काय शिवलं?

परवा ते स्वतःहून म्हणाले, एका शेरवानीच्या कॉलरसाठी दोन दिवस गोळी घेतली नाही. मी आवाज चढवला नाही. "पुढच्या वेळी आधी मला सांगा, डॉक्टरांना विचारू," म्हटलं. मग कॉलर कशी झाली तेही विचारलं.

"झकास!" चाचा हसले.

चाची मात्र हसल्या नाहीत. "तिसरे दिन मैंने गोली हाथ पे रखी, और सामने खड़ी रही," त्या म्हणाल्या.