व्यंकट आणि वेगळी लिस्ट

व्यंकट गेल्याची बातमी जुन्या मेलिंग लिस्टवर आली आणि आम्ही सगळे नव्या लिस्टवर होतो. त्यामुळे तिकडे लातुरात त्याची तेरवी होऊन गेली तरी इकडे नांदेडात मी चिडूनच बसलो होतो, की हा बाबा माझ्या मेलला उत्तर का देत नाही... इतका चिडायला लावणारा मित्र मला दुसरा मिळाला नाही.

संगणकावर मराठी सहज टाइप करता यावं म्हणून व्यंकट, मी आणि आणखी काही जण फावल्या वेळात एक प्रोग्राम लिहीत होतो. फुकट असल्यामुळे तो लातूरच्या क्लासेसमध्ये झपाट्यानं पसरला. सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यावरच टाइप होऊ लागल्या. मेलिंग लिस्ट मात्र सगळ्यांची एकच, एकानं लिहिलेला मेल सगळ्यांना जायचा. आम्ही कोडमधली चूक शोधत असायचो आणि मध्येच उदगीरच्या एका क्लासवाल्याचा मेल यायचा, ‘सर, प्रिंट निघेना.’ झालं! व्यंकट हातातलं काम टाकून त्याला प्रिंटरची वायर तपासायला सांगत बसायचा, तेही सगळ्या लिस्टला दिसेल असं. प्रत्येक मेलची सुरुवात ‘जेवलात का?’ डोक्याला नुसता ताप.

तो नांदेडला आला तेव्हा चहा पिताना मी विषय काढला, की आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्या डेव्हलपर लोकांची लिस्ट वेगळी करू. तो उखडलाच. त्याचं गाव भूकंपात गेलेलं.

“आम्ही पत्र्याच्या शेडात होतो तवा साहेब लोकांची बैठक वेगळ्या तंबूत व्हायची. आम्हाला काय पायजे त्याच्यावर लई चर्चा! आमच्याकडं पाणीच येत न्हाई, हे त्यांना कळलंच न्हाई.”

“अरे, इथं कोण पाण्यावाचून मरतंय?”

“नसंल मरत. मी न्हाई येत तुमच्या तंबूत.”

आणि हा हटवादी माणूस खरंच आला नाही. आमची वेगळी लिस्ट झाली, काम भराभर होऊ लागलं, हे मी आजही त्याला तोंडावर सांगितलं असतं. त्याला काही विचारायचं तर निराळा मेल लिहावा लागे, तेवढाच काय तो वैताग.

शेवटी, लिस्टवर सगळ्यांसमोर त्याला झापावं म्हणून मी जुनी लिस्ट उघडली. उदगीरच्या त्याच क्लासवाल्यानं लिहिलं होतं, ‘व्यंकटसर झोपेतच गेले. कुणाला कळवावं माहीत नाही, म्हणून इथं लिहितो.’ खाली क्लासवाल्यांची किती तरी उत्तरं... आमच्यातल्या एकाचंही नाही. सगळ्यात खाली आणखी एका क्लासवाल्याचा कालचाच मेल, ‘प्रिंट निघेना. कुणी आहे का इथं?’

मला भयंकर राग आला. त्याचा, आमचा, त्या मेल्या प्रिंटरचा. मग त्या मेलला उत्तर लिहायला घेतलं.

‘जेवलात का? आधी वायर बघा.’